छत्तीस अधिकारी आणि धानाची बांधी



मृगाचे ढग दिसू लागले की पोंभुर्ण्याच्या भागात घरोघरी एकच बोलणे निघते. यंदा बांधीत कोणता धान टाकायचा? एक जण म्हणतो, ‘मागल्या साली माझ्या वाणाने घर भरले, तोच टाका.’ शेजारी हसतो आणि म्हणतो, ‘बाबा, तुझी बांधी तळ्याखालची. तिला शेवटपर्यंत पाणी मिळते. माझी बांधी वरच्या अंगाची. तिथे तुझा वाण काय करील?’ दोघांचेही खरे असते, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. पीक जास्त आले ते बियाण्याच्या गुणाने की जमिनीच्या, की पाण्याच्या, हे वेगळे कसे काढायचे?

हा प्रश्न दिसतो साधा. पण त्याचे नीट उत्तर शोधता शोधता गणिताची एक मोठी शाखा वाढली. वस्तू किती प्रकारे मांडता येतात, आणि हवी तशी मांडणी मुळात होऊ शकते की नाही, हे पाहणारी ही शाखा. तिला आपण मांडणीचे गणित म्हणू. या गणितात युरोपातल्या एका महापंडिताचा शब्द १७७ वर्षे उभा होता. तो ज्यांनी खोटा ठरवला, त्या तिघांतले एक आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवलेले प्राध्यापक होते. त्यांची हकीकत आज सांगायची आहे.

सुरुवात मात्र महाराष्ट्रातूनच करू. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ हा ग्रंथ इ. स. ११५० मध्ये लिहिला. त्यात ‘अंकपाश’ नावाचे एक प्रकरण आहे. तिथे ते विचारतात, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म या चार वस्तू अदलून बदलून दिल्या, तर किती निरनिराळ्या मूर्ती होतील? पहिल्या हातात चारांपैकी कोणतीही एक, दुसऱ्यात उरलेल्या तिनांपैकी एक, तिसऱ्यात दोनांपैकी एक, आणि शेवटची वस्तू चौथ्यात. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे २४. मग ते शंकराचे दहा हात आणि दहा वस्तू घेतात. उत्तर येते ३६,२८,८००. हात चाराचे दहा झाले, आणि मूर्ती चोवीसांवरून छत्तीस लाखांवर गेल्या! भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. त्याविषयीचा १२०७ सालचा शिलालेख तिथल्या देवळात आहे.

या उदाहरणातला धडा लक्षात ठेवा, कारण पुढे तोच पुन्हा पुन्हा भेटणार आहे. मांडण्यांची संख्या इतक्या झपाट्याने वाढते की एकेक मांडून पाहीन आणि ठरवीन, असे म्हणणाऱ्याचा जन्म पुरत नाही. मोजायलाही रीत लागते आणि शोधायलाही रीत लागते.

आता सहाशे वर्षे पुढे येऊ. लेओनार्ड ऑयलर हा मूळचा स्वित्झर्लंडचा गणिती. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेत त्याने आयुष्याचा मोठा भाग घालवला. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, तरी लेखन थांबले नाही. १७७९ मध्ये त्याने त्या सभेपुढे एक कोडे ठेवले, आणि १७८२ मध्ये ते छापून आले. कोडे असे. सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा हुद्द्यांचा एकेक अधिकारी बोलावला, म्हणजे एकूण ३६ अधिकारी झाले. त्यांना सहा रांगांत, रांगेत सहा, असे चौकोनात उभे करायचे. अट ही की आडव्या प्रत्येक रांगेत आणि उभ्या प्रत्येक रांगेत प्रत्येक पलटणीचा एकच माणूस हवा आणि प्रत्येक हुद्द्याचाही एकच हवा.

सहाऐवजी आधी चार घेऊन पाहू. शिक्षक मित्रांना हे वर्गात पत्त्यांवर करून दाखवता येईल. एक्का, राजा, राणी, गुलाम हे चार पत्ते चारही रंगांचे घ्या, म्हणजे सोळा पत्ते झाले. ते चार बाय चारच्या चौकोनात असे लावा की कोणत्याही रांगेत, उभ्या किंवा आडव्या, एकच चित्र दोनदा येऊ नये आणि एकच रंगही दोनदा येऊ नये. मुले थोडी धडपडतील, पण जमेल. पत्त्यांच्या जागी अक्षरे आणि आकडे लिहिले तर एक उत्तर असे दिसते :

क१ ख२ ग३ घ४
ख३ क४ घ१ ग२
ग४ घ३ क२ ख१
घ२ ग१ ख४ क३

नुसती अक्षरे पाहा. प्रत्येक रांगेत क, ख, ग, घ एकेकदाच आहेत. अशा चौकोनाला लॅटिन चौकोन म्हणतात, कारण ऑयलरने त्यात लॅटिन अक्षरे घातली होती. नुसते आकडे पाहिले तर तोही तसाच चौकोन आहे. आणि दोन्ही एकत्र ठेवले तर सोळाच्या सोळा जोड्या येतात, एकही जोडी दोनदा येत नाही. असे दोन चौकोन एकमेकांशी जुळले म्हणायचे.

दोन बाय दोनचे जुळत नाहीत, हे कोणालाही पाटीवर लिहून कळेल. पहिल्या रांगेत क१ आणि ख२ ठेवले, की दुसरीत ख२ आणि क१ हेच येणार. जोड्या परत आल्या. तीनचे जुळतात, चारचे जुळतात, पाचचे जुळतात. विषम संख्येसाठी तर सोपी रीत आहे. अक्षरे प्रत्येक रांगेत एकेक घर सरकवा आणि आकडे दोन दोन घरे सरकवा, झाले काम. चाराच्या पटींसाठीही ऑयलरला रीत सापडली. अडले ते सहाशी. छत्तीस अधिकारी काही केल्या उभे राहीनात.

तेव्हा ऑयलरने अनुमान केले. दोनचे होत नाही, सहाचे होत नाही, तर चाराने भागून दोन उरणाऱ्या कोणत्याच संख्येचे होत नसावे. म्हणजे १०, १४, १८, २२ आणि पुढच्या अशा सगळ्या संख्या बाद. सिद्धता त्याने दिली नव्हती. पण ऑयलरचे नाव इतके मोठे, की अनुमानाला सिद्धांताचा मान मिळाला. पुढे काही गणितींनी सिद्धता दिल्याही. त्यांत नंतर खोट निघाली.

सहाचा निकाल लागायला १९०१ साल उजाडले. गास्तों तारी नावाचा एक फ्रेंच सरकारी नोकर अल्जेरियात होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. सहा बाय सहाचे लॅटिन चौकोन एकूण ८१ कोटी २८ लाख ५१ हजार २०० होतात. हे सगळे कोण तपासणार? तारीने ओळखले की रांगांची अदलाबदल केली किंवा अक्षरांची नावे बदलली, तरी चौकोनाचा स्वभाव बदलत नाही. पहिली आडवी रांग आणि पहिली उभी रांग ठरावीक क्रमाने लावून घेतली की उरतात फक्त ९,४०८. तेही स्वभावाप्रमाणे वाटले तर १७ कुळे होतात. त्या कुळांची त्याने हाताने तपासणी केली आणि सांगितले की एकालाही जोडीदार नाही. सहाच्या बाबतीत ऑयलर बरोबर होता.

बघा, ८१ कोटींचे काम १७ वर आणले. आज संगणकाच्या जगात ज्याला कार्यक्षम रीत म्हणतात, ती हीच. डोंगर उचलायचा नसतो, वळसा शोधायचा असतो. पण दहाच्या चौकोनापुढे तारीची रीतही थिटी पडली. तिथे कुळेच मोजता येत नव्हती.

इथपर्यंत हे सारे कोडेच होते. ते शेतात उतरले विसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून शेतीच्या प्रयोगांची संस्था चालत आली आहे. तिथे वर्षानुवर्षांच्या पिकांच्या नोंदींचे ढीग साचले होते. त्यांचा अर्थ लावायला १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाच्या तरुण गणितीला नेमले. फिशरने नोंदी चाळल्या आणि तो आपल्या शेतकऱ्याच्या प्रश्नावरच येऊन थांबला. चांगले पीक आले ते कशाने?

त्याचे उत्तर समजायला भावांची वाटणी आठवा. वडिलांच्या जमिनीत एक तुकडा तळ्याखालचा, एक मुरमाड, एक जंगलाकडेचा, जिथे रानडुकरे येतात. शहाणे पंच काय करतात? सगळी चांगली जमीन एकाला देत नाहीत. प्रत्येक भावाला चांगल्यातला थोडा आणि वाईटातला थोडा वाटा देतात. फिशरने वाणांची वाटणी तशीच केली. शेताचे चार बाय चार तुकडे पाडले. पाणी एका अंगाने येते, कस दुसऱ्या अंगाने कमी होत जातो. चार वाण लॅटिन चौकोनात पेरले, तर प्रत्येक वाण आडव्या प्रत्येक पट्ट्यात एकदा आणि उभ्या प्रत्येक पट्ट्यात एकदा येतो. पाण्याचा लाभ सर्वांना सारखा, कस नसल्याचा तोटाही सर्वांना सारखा. मग जो फरक उरतो तो बियाण्याचा, आणि थोडाफार योगायोगाचा. त्या योगायोगाचा अंदाजही त्याच तुकड्यांच्या उत्पन्नावरून काढता येतो. मघाच्या चौकोनातले आकडे खतांचे समजले, तर चार वाण आणि चार खते यांचे सोळाही मेळ एकाच शेतात एकेकदा आले.

फिशरने आणखी एक गोष्ट सांगितली. होऊ शकणाऱ्या चौकोनांतून कोणता पेरायचा, हे स्वतःच्या मनाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. माणसाचे मन नकळत आवडत्या वाणाला बरी जागा देते. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

जंगलाच्या मुलखातल्या श्रोत्यांना हे सांगायला हवे की ही रीत जंगलातही वापरली गेली. वेल्समधल्या बेडगेलर्टच्या जंगलात १९२९ साली डोंगरउतारावर पाच बाय पाचचा लॅटिन चौकोन धरून झाडे लावली. उंचीवर वारा जास्त, खाली कमी. कोणती जात कुठे टिकते ते पाहायचे होते. झाडे वाढली तसा तो चौकोन दुरून डोळ्यांनी दिसू लागला.

ही विद्या भारतात आली ती कलकत्त्याला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये तिथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापली. राजचंद्र बोस तिथे कामाला लागले. त्यांचा जन्म १९०१ मध्ये होशंगाबादचा. १९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर स्वतः भारतात आले आणि त्यांनी मांडणीचे काही प्रश्न बोसांपुढे ठेवले. बोस मूळचे भूमितीचे अभ्यासक. त्यांनी पाहिले की शेतातले तुकडे आणि वाण यांच्याकडे बिंदू आणि रेषा म्हणून पाहता येते. पुढची सारी वाट या एका दृष्टीने उघडली.

याच संस्थेत बोसांच्या हाताखाली शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आले. त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, सागर गावचा. त्या काळी सागर, होशंगाबाद आणि आपला चांदा जिल्हा एकाच मध्य प्रांतात होते, आणि त्याची राजधानी नागपूर. श्रीखंडे शिकायला नागपूरला आले, सायन्स कॉलेजातून पदवी घेतली. पुढे कलकत्ता झाले. बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल येथील विद्यापीठात गेले, तिथेच १९५० मध्ये श्रीखंड्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत येऊन नागपूरच्या सायन्स कॉलेजात ते शिकवू लागले.

ते कशावर विचार करत होते? एक छोटे उदाहरण घेऊ. सात वाणांची तुलना करायची आहे, पण एका बांधीत तीनच मावतात. बांध्या सात आहेत. अशी वाटणी करायची की कोणतेही दोन वाण एका बांधीत एकदा, आणि एकदाच, शेजारी यावेत. उत्तर असे : पहिल्या बांधीत १, २, ४. दुसरीत २, ३, ५. तिसरीत ३, ४, ६. चौथीत ४, ५, ७. पाचवीत ५, ६, १. सहावीत ६, ७, २. सातवीत ७, १, ३. घरी ताळा करून पाहा. सात वाणांच्या २१ जोड्या होतात, आणि एकही सुटलेली नाही. प्रत्येक वाण तीन बांध्यांत आला. रीतही कशी सोपी आहे पाहा, आधीच्या बांधीतल्या प्रत्येक आकड्यात एक मिळवला की पुढची बांधी तयार. सातानंतर पुन्हा एक.

असेच एक जुने कोडे इंग्लंडच्या थॉमस कर्कमन या धर्मोपदेशकाने १८५० मध्ये छापले होते. शाळेतल्या १५ मुली रोज तीन-तीनच्या पाच गटांत फिरायला जातात. सात दिवसांची अशी योजना करा की कोणत्याही दोन मुली आठवड्यात एकदाच एका गटात येतील. ही योजना होते. सात दिवसांचे मिळून ३५ गट होतात.

आता बोस आणि श्रीखंडे यांनी काय केले ते ऐका, कारण या कथेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. ऑयलरने बाद ठरवलेल्या संख्यांतली २२ ही त्यांनी घेतली. २२ म्हणजे १५ आणि ७. पंधरा मुली आहेतच. त्यात सात बाई आणल्या, सोमवारच्या एक, मंगळवारच्या एक, अशा सात वारांच्या सात. ज्या दिवशी ज्या बाईंची पाळी, त्या दिवशीच्या पाचही गटांत त्या मिळवायच्या. तिनांचे गट चारांचे झाले, एकूण ३५. शिवाय सातही बाईंचा एक वेगळा गट केला. आता २२ माणसांतली कोणतीही दोन घ्या. दोघी मुली असोत, एक मुलगी आणि एक बाई असो, की दोघी बाई असोत, त्या नेमक्या एकाच गटात सापडतील. ताळा पाहा. २२ माणसांच्या जोड्या २३१. चारांच्या गटात सहा जोड्या, ३५ गटांच्या २१०. सातांच्या गटात २१ जोड्या. बेरीज २३१. हिशेब बरोबर मिळाला.

चारचे चौकोन जुळतात, सातचेही जुळतात. मग २२ चा मोठा चौकोन भरायचा कसा? पाचव्या रांगेतले नवव्या ओळीचे घर भरायचे आहे, असे समजा. ५ आणि ९ ही माणसे ज्या एकमेव गटात आहेत तो गट पाहायचा, त्या गटाचा छोटा चौकोन घ्यायचा, त्यात जे लिहिले असेल ते इथे उतरवायचे. कर्णावरच्या घरांत ज्याचा त्याचाच आकडा. छोटे चौकोन त्याप्रमाणे आधी लावून घेतलेले असतात. कोणतीही जोडी एकाच गटात असल्याने गल्लत होतच नाही. घरे ४८४, आणि सगळी भरतात. जे होणारच नाही असे ऑयलर म्हणाला होता, ते झाले. छोट्या बांध्या धुऱ्याला धुरा लावून जोडाव्यात आणि त्यांचे मोठे वावर व्हावे, तसे झाले.

हे १९५९ साल. त्याच सुमारास युनिव्हॅक संगणकयंत्रे बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्करने दहाचे दोन चौकोन जुळवले. संगणकाच्या माणसाने तो शोध मात्र यंत्राने लावला नाही, बुद्धीने लावला. त्याआधी अमेरिकेत स्वॅक नावाचे संगणकयंत्र दहाचा जोडीदार शोधायला शंभराहून अधिक तास चालवले होते. हाती काही लागले नाही. यंत्र एकेक मांडणी चाचपत होते, आणि मांडण्यांना अंत नव्हता. भास्कराचार्यांचा दहा हातांचा शंकर इथे पुन्हा भेटतो. यंत्र वेगवान होते, पण त्याला दिलेली रीत आंधळी होती.

पुढे बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी मिळून दाखवले की दोन आणि सहा सोडले तर ऑयलरने बाद केलेली प्रत्येक संख्या चालते. लांबलचक यादीत ऑयलर फक्त दोन ठिकाणी खरा निघाला. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या बातमीला असा मान क्वचितच मिळतो. या तिघांना ‘ऑयलरचा खेळ उधळणारे’ असे गमतीचे नावही पडले.

श्रीखंडे पुढे काशीला आणि मग १९६३ पासून मुंबई विद्यापीठात होते. तिथला गणित विभाग त्यांनी उभारला, पिढ्या घडवल्या. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाडा येथे ते वारले, तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षांचे होते. त्यांच्या नावाचा एक ‘आलेख’ही जगभर शिकवला जातो. इथे आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. सोळा गावे समजा, प्रत्येक गावातून सहा गावांना वाट जाते. कोणतीही दोन गावे घ्या, दोघांनाही जोडलेली अशी नेमकी दोन गावे निघतात, मग त्या दोघांत थेट वाट असो वा नसो. इतकी समतोल वाटणी त्या आलेखात आहे.

गावे आणि वाटा निघाल्याच आहेत, तर त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगतो. फिशरने चिठ्ठ्यांचा उपयोग न्यायासाठी केला. हंगेरीतल्या पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेन्यी या दोघांनी १९५९-६० मध्ये चिठ्ठ्यांनीच आलेख काढले. हजार गावे आहेत, वाट एकही नाही. डोळे मिटून दोन गावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्यांच्यामध्ये वाट पाडायची. पुन्हा दोन चिठ्ठ्या, पुन्हा वाट. चारशे वाटा झाल्या तरी गावे छोट्या छोट्या टोळक्यांतच राहतात. पण पाचशेचा आकडा ओलांडला की नवल घडते. टोळकी भराभर एकमेकांना मिळतात. सहाशे वाटांपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गावे एकाच जाळ्यात येतात, आणि साडेसातशेला निम्म्याहून अधिक. शेवटचे एकटे गाव जोडले जायला मात्र साधारण साडेतीन हजार वाटा लागतात. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या रानातल्या वस्त्यांना हे शेवटच्या गावाचे दुखणे कोणी समजावून सांगायला नको. साथीचा रोग कसा पसरतो, संपर्काचे जाळे कुठे तुटते, याचा विचार आज याच गणिताने करतात.

चिठ्ठ्यांचा हा मार्ग पुढे फिरून मांडणीलाच येऊन मिळाला. सात वाण आणि तिनांच्या बांध्या, ही वाटणी जमते. पण वाण पुष्कळ आणि अटी अवघड असल्या, तरीही अशी वाटणी होते का, हा प्रश्न याकोब श्टाइनरने १८५३ मध्ये विचारला होता. इंग्लंडच्या पीटर कीव्हॅश यांनी २०१४ मध्ये उत्तर दिले. मोजणीचा ताळा जमत असेल आणि वाणांची संख्या पुरेशी मोठी असेल, तर वाटणी होतेच होते. त्यांनी थोडा भाग बीजगणिताने बांधला, बराचसा चिठ्ठ्यांवर सोपवला, आणि उरलेल्या फटी पुन्हा बीजगणिताने बुजवल्या. बोस-श्रीखंड्यांची शिस्त आणि एर्डोशचा योगायोग असे दोन्ही एका जुवाखाली आले.

आता आपल्या बांधीवर परत येऊ. आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ धानात काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुन्हा पेरल्या, निवडल्या, आणि त्यातून ‘एच.एम.टी.’ हा वाण जगापुढे आला. हे नाव त्या काळच्या प्रसिद्ध मनगटी घड्याळावरून पडले. दादाजींचे शिक्षण थोडे आणि जमीनही थोडीच. ते २०१८ मध्ये वारले. नवा वाण ओळखायला विद्यापीठच लागते असे नाही, पाहणारा डोळा लागतो, हे त्यांनी दाखवले. पण डोळ्याने ओळखलेला गुण दुसऱ्याच्या बांधीतही टिकतो की नाही, हे ठरवायला मांडणी लागते. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात धानाचे वाण तुकडे पाडून आणि चिठ्ठ्या टाकून लावतात, ते याचसाठी. शेतकऱ्याचा डोळा आणि गणित्याची मांडणी यांनी एकमेकांचा मान राखला, तरच खरे ज्ञान हाती येते.

शेतकरी बंधूंनी या हंगामात एवढे करून पाहावे. तीन वाणांची शंका असेल तर एका बांधीचे नऊ सारखे तुकडे दोऱ्याने आखा. पहिल्या ओळीत क, ख, ग, दुसरीत ख, ग, क, तिसरीत ग, क, ख अशी रोवणी करा. कोणता वाण क, कोणता ख, हे घरातल्या लहान मुलाकडून चिठ्ठी उचलून ठरवा. कापणीला नऊही तुकड्यांचा धान वेगळा मोजा आणि वहीत लिहा. एका बांधीने पक्का निकाल लागणार नाही. पण चार शेतकऱ्यांनी चार ठिकाणी असे केले आणि वह्या जुळवून पाहिल्या, तर तळ्याखालची बांधी की वरची बांधी हे भांडण पुष्कळ कमी होईल. शिक्षकांनी ती वही मुलांकडून लिहून घ्यावी, बेरीज-भागाकाराचा याहून चांगला पाठ नाही.

आणि मुलांना ऑयलरची गोष्टही सांगावी. ऑयलर थोर होता, आजही थोर आहे. त्याचे अनुमान चुकले म्हणून त्याची थोरवी उणी होत नाही. पण मोठ्याने सांगितले एवढ्यावर ती गोष्ट खरी होत नाही, आणि आपण लहान गावचे एवढ्यावर आपला प्रश्न लहान होत नाही. १७७ वर्षे जगाने एक शब्द मानला. तो तपासला तो पंधरा शाळकरी मुलींच्या कोड्याने आणि शेतातल्या तुकड्यांच्या हिशेबाने. पोंभुर्ण्याच्या शाळेत उद्या एखादी मुलगी सोळा पत्ते जमिनीवर मांडून बसली आणि ‘गुरुजी, सहाचे का होत नाही?’ असे विचारू लागली, तर तिला गप्प बसवू नका. तिच्याजवळ बसा आणि एक पत्ता तुम्हीही उचला.